शिक्षण, तत्त्वज्ञान आणि माणसाची निवड



तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, पोटाच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही, असे कारखान्यातल्या कामगारापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत अनेकांना प्रामाणिकपणे वाटत असते. पण यंत्रात हात सापडलेल्या सोबत्याकडे पाहून तोच कामगार जेव्हा म्हणतो की, ‘त्याच्या नशिबात होते, कोण काय करणार’, तेव्हा तो तत्त्वज्ञानच बोलत असतो. ते त्याने कोणत्या ग्रंथात वाचलेले नसते. आजीच्या मांडीवर, कीर्तनाच्या फडावर, शाळेच्या बाकावर आणि मालकाच्या दारात ते त्याच्या अंगी मुरलेले असते. आणि ते निरुपद्रवीही नसते. त्या एका वाक्याने यंत्राला संरक्षक जाळी न बसवणारा मालक सुटतो, कारखाना निरीक्षक सुटतो, नुकसानभरपाईचा अर्ज लिहिला जात नाही. मुसोलिनीच्या तुरुंगात आपल्या वह्या लिहीत असताना अंतोनियो ग्राम्शी याने प्रत्येक माणूस हा तत्त्वज्ञ असतो असे जे प्रतिपादन केले, त्याचा अर्थ हाच होय. माणसाला तत्त्वज्ञान आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. ते कोणाचे आहे आणि त्याने ते तपासून घेतले आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

शिक्षणाविषयीही असाच एक गोड समज प्रचलित आहे. शिक्षण वाढले की समाज आपोआप शहाणा होईल, हा तो समज. १८४५ मध्ये फॉयरबाखवरील आपल्या टिपणांत तरुण मार्क्सने या समजाच्या वर्मावरच बोट ठेवले. परिस्थिती आणि शिक्षण माणसाला घडवतात हे खरे, पण परिस्थिती बदलणाराही माणूसच असतो आणि शिकवणाऱ्यालाही कोठेतरी शिकावेच लागते, असा त्या विवेचनाचा रोख आहे. शिक्षकाला कोणी शिकवले, हा प्रश्न न विचारता शिक्षणाचा गौरव करणे म्हणजे विहिरीत पाणी कोठून येते हे न पाहता पोहऱ्याची पूजा करणे होय.

हा प्रश्न जबलपूरइतक्या उघडेपणाने फार थोड्या शहरांत पाहावयास मिळतो. १८१७ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे १८६८ मध्ये हितकारिणी सभेची स्थापना झाली, १८७३ मध्ये सागरचे सरकारी विद्यालय येथे हलवण्यात आले व त्यातूनच रॉबर्टसन कॉलेज वाढले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. साम्राज्याला कारकून हवे होते तसेच कसबी हात हवे होते. दोन्ही घडवण्याची व्यवस्था त्याने केली. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदत होते, तेव्हा नर्मदाकाठची ही कहाणी मराठी वाचकाला परकी मानण्याचे काहीच कारण नाही.

परंतु मालकाने आपल्या गरजेपुरते दिलेले शिक्षण मालकाच्या गरजेपाशी थांबतेच असे नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांचे बंड दडपले गेल्यानंतर काही दिवसांतच जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सुमारे १,७०० जवान बराकींबाहेर पडले. त्यांच्या हाती शस्त्रे नव्हती, झेंडे होते. काँग्रेसचेही होते आणि लीगचेही होते. हे जवान सैन्यातल्या इतर अनेकांच्या मानाने शिकलेले होते. बिनतारी संदेश घेणे, लिहिणे, पोहोचवणे हेच त्यांचे काम होते. पगार, अन्न आणि गोऱ्या सैनिकांच्या तुलनेतली अप्रतिष्ठा या त्यांच्या तक्रारी होत्या. पण त्या तक्रारींना आझाद हिंद सेनेवरील खटल्यांशी आणि मुंबईतल्या गोळीबाराशी जोडणारा धागा त्यांना साम्राज्याच्या अभ्यासक्रमाने दिलेला नव्हता. संदेश वाहून नेणाऱ्यांनी संदेशाचा अर्थ लावला, हा त्यांचा गुन्हा. बंड मोडले गेले, कित्येकांना बडतर्फ करण्यात आले, काहींवर लष्करी न्यायालयात खटले चालले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

याच उलथापालथीच्या काळात जबलपूरच्या हितकारिणी शाळेत एक कृश प्रकृतीचा, बिडी ओढणारा मराठी शिक्षक मुलांना शिकवीत होता आणि ‘जयहिंद’ या दैनिकातही काम करीत होता. गजानन माधव मुक्तिबोध हे त्याचे नाव. आधुनिक हिंदी कवितेत आज जे नाव निरालांच्या जोडीने घेतले जाते, ते एका मराठी घरातले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही पुरेशी माहीत नाही.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातल्या जळगावचे. पणजोबा ग्वाल्हेर संस्थानात नोकरीनिमित्त आले व तेथेच स्थिरावले. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव संस्थानच्या पोलिस खात्यात अधिकारी होते. बदली झाली की शाळा बदलायची, असे या मुलाचे बालपण गेले. घरात शिस्त होती, पूजाअर्चा होती, आणि मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा होती. पण याच घरात आणखी एक शाळा चालत असे. ती आईची. पार्वतीबाई बुंदेलखंडातून आलेल्या. त्या प्रेमचंद वाचीत आणि हरि नारायण आपटेही वाचीत. प्रेमचंदांची भक्ती आपल्याला आईने लावली असे मुक्तिबोधांनी पुढे एका लेखात कृतज्ञतेने नमूद केले आहे. अधिकाऱ्याच्या घरात बसून गरिबाच्या दुःखाने डोळे पुसणारी ही बाई कोणत्याही विद्यापीठाची पदवीधर नव्हती. मुलाची सहानुभूती कोणत्या बाजूला झुकावी हे मात्र तिने ठरवून टाकले.

औपचारिक शिक्षणात मुक्तिबोध काही फार चमकले नाहीत. बी. ए.च्या परीक्षेत ते एकदा नापास झाले आणि १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून उत्तीर्ण झाले. १९३९ मध्ये आईवडिलांच्या मर्जीविरुद्ध त्यांनी शांताबाईंशी विवाह केला. वकिली नाही, सरकारी अधिकार नाही. मास्तरकी, आणि तीही आज येथे तर उद्या तेथे. या वाटेवर त्यांनी ज्या तत्त्वज्ञांना सोबतीला घेतले त्यांत पहिला महत्त्वाचा होता बर्गसाँ. जीवनप्रेरणेच्या अखंड प्रवाहाचे त्याचे तत्त्वज्ञान एकाकी, संवेदनशील, मध्यमवर्गीय तरुणाला मोह घालणारे होते. बाहेरचे जग निष्ठुर असले तरी आत एक अजिंक्य ऊर्जा वाहते आहे, असा दिलासा त्यात होता. या दिलाशाने माणूस काही काळ तगून राहतो हे मान्य करावयास हवे. त्याची टिंगल करणे सोपे आहे, पण ज्याला खानावळीचे बिल भागवता येत नाही अशा विशीतल्या तरुणाजवळ स्वतःच्या अंतरंगाखेरीज दुसरी मालमत्ता तरी कोणती असते?

१९४२ च्या सुमारास शुजालपूरच्या शारदा शिक्षण सदनात नेमिचंद्र जैन यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला आणि मार्क्सवादाशी त्यांची गंभीर ओळख झाली. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहात सात कवींमध्ये मुक्तिबोधांचा समावेश झाला. (त्या सातांत प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठी भाषिक होते.) त्या संग्रहातल्या आपल्या निवेदनात बर्गसाँच्या प्रभावाची आणि नंतर मार्क्सवादाकडे झालेल्या वाटचालीची कबुली मुक्तिबोधांनी स्वतःच दिली आहे. उज्जैनला त्यांनी प्रगतिशील लेखक संघाची उभारणी केली. फॅसिझमविरोधी लेखकांना एकत्र आणण्याच्या कामात ते पुढे होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. मार्क्सवाद स्वीकारला आणि सर्व प्रश्न सुटले, असे मुक्तिबोधांच्या बाबतीत घडले नाही. उलट प्रश्न वाढले. बर्गसाँच्या तत्त्वज्ञानात ‘मी दुःखी आहे’ एवढेच म्हणून भागत होते. आता ‘माझ्या दुःखाचा इतरांच्या दुःखाशी संबंध काय, आणि ते पाहून मी काय करतो आहे’ असे विचारावे लागले. घरी सांभाळायची मुले, डोक्यावर कर्ज, उधारीचा किराणा, शरीरात आजार, अशा अवस्थेत हा प्रश्न घेऊन जगणे ही चैन नव्हती. १९४८ मध्ये ते नागपूरला गेले. सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर, पुढे ‘नया खून’ या साप्ताहिकात त्यांनी नोकरी केली. एम्प्रेस मिलच्या कामगारांच्या संपावर झालेल्या गोळीबाराच्या वेळी वार्ताहर या नात्याने ते तेथे हजर होते, आणि ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेच्या मुळाशी तो अनुभव आहे, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगून ठेवले आहे.

पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. ज्याच्या वाचनाने प्राध्यापकांना घाम फुटावा, त्याला महाविद्यालयात शिकवण्यासाठी कागदाचा दाखला आणावा लागला! १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना जागा मिळाली आणि आयुष्यात प्रथमच थोडी स्थिरता लाभली.

शिक्षणाविषयी मुक्तिबोधांना काय म्हणावयाचे होते, हे ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या त्यांच्या लहानशा कथेत फार स्पष्टपणे आले आहे. एक अडाणी मुलगा गुरूच्या शोधात काशीला येतो. एका भव्य, निर्मनुष्य वाड्यात त्याला गुरू भेटतो. बारा वर्षे अध्ययन चालते. शेवटच्या दिवशी भोजनाच्या वेळी गुरूचा हात ताटावरून उठतो आणि लांब लांब होत दुसऱ्या खोलीतून तुपाचा बुधला घेऊन येतो. शिष्याची बोबडी वळते. गुरू हा ब्रह्मराक्षस आहे. जिवंतपणी त्याने अफाट ज्ञान मिळवले, पण ते देण्याजोगा शिष्य त्याला सापडला नाही म्हणून तो अडकून पडला. आता देऊन झाल्यावर तो मुक्त होतो, आणि तीच जबाबदारी शिष्याच्या खांद्यावर ठेवून जातो.

भुताची गोष्ट म्हणून ती कोणत्याही आजीला सांगता येईल. पण तिच्यात आपल्या बुद्धिजीवी वर्गाचे रोगनिदान आहे. पुराणकथेत ब्रह्मराक्षस होतो तो पापामुळे. मुक्तिबोधांनी ते पाप बदलले. ज्ञान अडवून धरणे, ते पुढच्या हातात न देणे, हे पाप त्यांनी नेमके हेरले. शतकानुशतके ज्या देशात शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या देशात हा बदल साधा नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना सरकारला हेच सांगितले होते की, वरच्या वर्गांना दिलेले शिक्षण झिरपत खाली येत नाही. शेतकऱ्याच्या करातून शिकलेली माणसे शेतकऱ्याकडे वळून पाहत नाहीत. मुक्तिबोधांनी हाच आरोप स्वतःच्या वर्गावर, किंबहुना स्वतःवर केला. ‘ब्रह्मराक्षस’ याच नावाच्या त्यांच्या कवितेत विहिरीच्या खोल पाण्यात अंग घासत बसलेला तो विद्वान दिसतो, तेव्हा त्याच्याविषयी तिटकारा वाटत नाही. करुणा वाटते.

आता याच शहरातले दुसरे चित्र पाहावे. ज्या हितकारिणी संस्थेच्या शाळेत मुक्तिबोध शिकवून गेले, त्याच संस्थेच्या महाविद्यालयात पाच-सहा वर्षांनी चंद्रमोहन जैन नावाचा एक कुशाग्र विद्यार्थी दाखल झाला. तत्त्वज्ञान हाच त्याचा विषय. तो पुढे सागर विद्यापीठाचा एम. ए. झाला आणि जबलपूरच्या महाकोशल महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला. १९६६ मध्ये नोकरी सोडून तो पूर्ण वेळ प्रवचनांकडे वळला. आचार्य रजनीश या नावाने त्याने देश गाजवला. रूढ धर्माचार्यांवर त्याने केलेले प्रहार धारदार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक तरुणांना प्रथम शंका घ्यावयास त्यानेच शिकवले. पण ती शंका कोठे जाऊन पोहोचली? १९७० मध्ये मुंबईत त्याने जी व्याख्याने दिली, त्यांचा विषय समाजवादापासून सावध राहा हा होता. दारिद्र्याचे मूळ शोषणात नव्हे तर माणसाच्या मनोवृत्तीत आहे, असे एकदा ठरले की पुढचा मार्ग सरळ आहे. १९७४ मध्ये पुणे, १९८१ मध्ये अमेरिकेतले ओरेगॉन, आणि तेथे नव्वदहून अधिक रोल्स रॉइस मोटारी.

बर्गसाँपासून मुक्तिबोध जेथून पुढे सरकले, नेमक्या त्याच वळणावर रजनीशांनी मुक्काम ठोकला आणि त्याचे दुकान केले. दोघेही मध्य प्रदेशाच्या लहान गावांतून आलेले. दोघेही अफाट वाचणारे, दोघेही परंपरेशी भांडणारे. केवळ शिक्षणाने माणसाची दिशा ठरत असती तर दोघे इतके विरुद्ध टोकांना गेले नसते. फरक प्रश्नाच्या रचनेत होता. ‘मला मुक्ती कशी मिळेल’ हा एक प्रश्न. एकट्याची मुक्ती ही मुक्ती आहे काय, हा दुसरा.

तिसरे नाव हरिशंकर परसाई यांचे. जबलपूरचे नागरिक म्हणून त्यांची आठवण हे शहर अजून काढते. अठराव्या वर्षी जंगल खात्यात नोकरी, मग स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षकाचे प्रशिक्षण, मग शाळेतली मास्तरकी. सरकारी नोकरी सोडली, खाजगी शाळेतली नोकरीही १९५७ मध्ये सोडली, आणि केवळ लेखणीवर जगण्याचा निर्णय घेतला. १९५६ मध्ये त्यांनी ‘वसुधा’ हे मासिक जबलपुरातून काढले. तोट्यात चालले, दोन वर्षांत बंद पडले. पण मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ प्रामुख्याने त्याच मासिकातून वाचकांपुढे आली. मोठ्या भांडवलाच्या नियतकालिकांना जे जमले नाही ते एका बेकार मास्तराच्या मासिकाने केले.

फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात भीषण जातीय दंगल झाली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात देशाला एवढा धक्का दुसऱ्या दंगलीने बसला नव्हता. वृत्तपत्रांनी आग पसरवण्यास हातभार लावला. दंगल करणारे सगळेच निरक्षर गुंड नव्हते. महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांत होते. पुस्तके शिकलेल्या हातांनी दगड उचलले होते. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता परिषद बोलावण्यात आली आणि शिक्षणातून जातीय विष काढून टाकले पाहिजे, यावर पुष्कळ भाषणे झाली.

आणि दुसऱ्याच वर्षी काय घडले? मुक्तिबोधांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले होते. राजे आणि लढाया यांपेक्षा समाज, श्रम, कला, विचार यांचा प्रवाह मुलांना समजावा, अशी त्याची मांडणी होती. मान्यवर इतिहासकारांच्या ग्रंथांवर आधारलेल्या त्या पुस्तकाविरुद्ध प्रतिगामी शक्तींनी ओरड सुरू केली. धर्मभावना दुखावल्याचा आरोप झाला. पाठ्यपुस्तकांच्या बाजारातील स्पर्धाही त्यात मिसळली. सभा झाल्या, पत्रके निघाली, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. बंदी घालणारे सरकार जातीयवादी पक्षाचे नव्हते, काँग्रेसचे होते, हे विसरता कामा नये. एकात्मतेची भाषणे देणाऱ्यांना एका मास्तराचे क्रमिक पुस्तक पेलले नाही.

प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात आले. १९६३ मध्ये निकाल लागला. काही उतारे वगळावेत, बाकीचे पुस्तक प्रसिद्ध करण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे अर्धा न्याय. त्या प्रकरणाने मुक्तिबोध आतून हादरले. आज एका लेखकाचे क्रमिक पुस्तक, उद्या सगळ्यांचे तोंड, हे त्यांना दिसत होते. या भीतीला त्यांच्या मित्रांपैकी काहींनी अतिरेकी ठरवले. पुढच्या काळात १९७३ मध्ये परसाईंच्या घरात शिरून त्यांना मारहाण झाली, तेव्हा ती भीती किती अतिरेकी होती ते कळून आले.

येथे डाव्या चळवळीनेही स्वतःकडे पाहावयास हवे. प्रगतिशील समीक्षा यांत्रिक होत चालली आहे, ती कवीच्या मनातल्या संघर्षाला ‘कुंठा’ म्हणून झटकून टाकते आणि अशाने प्रामाणिक तरुण लेखक दुरावतात, अशी तक्रार मुक्तिबोधांनी कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात मांडली होती. ती मनावर घेतली गेली असती तर पुढे बरेच काही टळले असते. त्यांच्या मृत्यूनंतरही डॉ. रामविलास शर्मांसारख्या थोर मार्क्सवादी समीक्षकाने त्यांच्या कवितेत अस्तित्ववादाचा दोष पाहिला. वर्गशत्रूने बंदी घातली आणि स्वकीयांनी शंका घेतली, अशा दुहेरी कोंडीत एक निष्ठावान मार्क्सवादी लेखक लिहीत राहिला. त्याचे दुःख शत्रूपेक्षा स्वकीयांमुळे अधिक होते, असे म्हटल्यास ते चूक ठरणार नाही.

धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. ‘नवी मळवाट’ ही कविता, ‘क्षिप्रा’पासूनची कादंबरीत्रयी आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथातील मार्क्सवादी सौंदर्यविचार ही त्यांची देणगी. या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच पोलिस अधिकाऱ्याच्या घरातून दोन भाषांना दोन मार्क्सवादी साहित्यिक मिळाले. आईच्या हातातली प्रेमचंदांची आणि हरिभाऊंची पुस्तके दोन मुलांनी जणू वाटून घेतली होती.

१९६४ च्या फेब्रुवारीत गजाननरावांना पक्षाघाताचा झटका आला. प्रथम भोपाळच्या आणि नंतर दिल्लीच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. लेखकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द गेला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर छापून आला. तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. इतिहासाचे ते पाठ्यपुस्तक एकही उतारा न गाळता वाचकांच्या हाती पडले ते एकविसाव्या शतकात. ज्या मुलांसाठी ते लिहिले होते, त्यांनी तोवर पन्नाशी ओलांडली होती.